पॅनकेक हाउसमध्ये काय मागवावं: आधी ओव्हन, मग तवा

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा अमेरिकेत आले की एका शनिवारी पॅनकेक हाउसची फेरी ठरलेली. सकाळी साडेदहाला सहा जण पोचतात, तासभर दाराबाहेर ताटकळतात आणि आत बसल्यावर भुकेच्या घाईत सहाही जण बटरमिल्क पॅनकेक मागवतात. तिसऱ्या घासाला बाबा म्हणतात, ‘हे आपलं गोड धिरडंच की.’ निम्मं ताटात उरतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर टम्म फुगलेलं, कढईएवढं काहीतरी येतं आणि आई विचारते, ‘ते काय आहे? आपण का नाही मागवलं?’

इथे चूक पदार्थ निवडण्यात कमी होते, क्रमात जास्त. जिथे पीठ रोज तिथेच भिजवतात, अशा जुन्या वळणाच्या पॅनकेक हाउसमध्ये निम्मा मेनू तव्यावरचा असतो आणि निम्मा ओव्हनमधला. तव्यावरचं पाच-सात मिनिटांत होतं, ओव्हनमधल्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. हे माहीत नसलं की ऑर्डर उलटी दिली जाते.

खाली जी नावं आहेत ती ‘द ओरिजिनल पॅनकेक हाउस’च्या मेनूवरची. १९५३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला सुरू झालेल्या या हॉटेलच्या शाखा आता अमेरिकेत बऱ्याच राज्यांत आहेत. शाखा वेगवेगळ्या मालकांच्या असल्यामुळे मेनूत थोडा फरक पडतो. त्याच धाटणीच्या इतर हॉटेलांतही हाच क्रम चालतो.

## टप्पा १: घरून निघण्यापूर्वी

१. वेळ बघा. ही हॉटेलं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी दोन-तीनला बंद होतात. रात्रीचं जेवण नसतं. शनिवार-रविवारी नऊ ते बारा ही सगळ्यात वाईट वेळ. आठच्या आत पोचा, नाहीतर सरळ एकनंतर जा. मदर्स डेच्या रविवारी जाऊच नका.

२. घरी पोहे खाऊन निघू नका, पण लहान मुलं आणि मधुमेहाचं औषध घेणारी वडीलधारी मंडळी यांना उपाशीही नेऊ नका. रांग आणि ओव्हन मिळून दीड तास सहज जातो. केळं, दोन बिस्किटं पर्समध्ये असू द्या.

३. वेटिंग लिस्टवर ऑनलाइन नाव घालता येतं का, ते त्या शाखेच्या पानावर बघा. काही ठिकाणी सगळी माणसं आल्याशिवाय टेबल देत नाहीत, त्यामुळे ‘तुम्ही बसा, आम्ही गाडी लावून येतो’ हे चालत नाही.

४. मेनू गाडीतच उघडा. ओव्हनमधलं एक काहीतरी टेबलावर बसायच्या आत ठरलेलं हवं. बाकीचं बसल्यावर ठरलं तरी चालतं.

तपासा: बरोबर कोण अंडं खात नाही? उत्तर ‘कोणीतरी’ असेल तर पुढचा टप्पा निघण्यापूर्वीच वाचा.

## टप्पा २: अंड्याचा प्रश्न आधी सोडवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘व्हेजिटेरियन आहे’ असं सांगितलं की सर्व्हर हसून मान डोलावते, कारण तिच्या लेखी अंडं व्हेजच आहे. पॅनकेक, वॉफल, क्रेप, फ्रेंच टोस्ट या सगळ्यांत अंडं असतं. बटाट्याच्या पॅनकेकमध्येसुद्धा बांधणीला अंडं घालतात. ओव्हनमध्ये फुगवलेला पॅनकेक, म्हणजे डच बेबी, तर निम्मा अंडंच.

म्हणून ‘व्हेज’ हा शब्द सोडा आणि थेट सांगा: ‘नो मीट, नो एग्ज, बटर अँड मिल्क आर फाइन.’ मग उरतं ते असं: ओटमील, ताजी फळं, टोस्ट, हॅश ब्राउन बटाटे, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची मऊ खीर, मीठ-लोणी घालून खाल्ली तर सांज्याच्या जवळ जाते. हॅश ब्राउन मागवताना मात्र तवा कोणता ते विचारा. बऱ्याच स्वयंपाकघरांत बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, आणि बटाटे एकाच लांब तव्यावर होतात.

खरं सांगायचं तर अंडं न खाणाऱ्या माणसाला इथे आणू नये. तो टोस्ट खात बसतो आणि बाकीच्यांना अपराधी वाटतं. त्या दिवशी उडुप्याकडे जा.

सावधान: बकव्हीट म्हणजे कुट्टू हे खरं, पण बकव्हीट पॅनकेकमध्ये साधारणपणे गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, अंडंही असतं. उपासाला चालत नाही. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यानेही नावावर जाऊ नये. ग्लुटेनमुक्त पॅनकेक वेगळे मिळत असले तरी तवा तोच आहे का, हे विचारावंच लागतं.

## टप्पा ३: मेनू कसा वाचायचा

मेनूवर पदार्थ देशांच्या, फळांच्या नावाने मांडलेले असतात. त्याचा उपयोग नाही. तुम्ही तो ‘कुठे शिजतं’ या हिशेबाने वाचा.

### ओव्हनमधले

डच बेबी. अंडी, दूध, मैदा, बस. सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. लोणी घातलेल्या तापलेल्या पॅनमध्ये पातळ पीठ ओतून कडक ओव्हनमध्ये सरकवतात. पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती कडा वर उचलते, पुरी फुगते त्याच तत्त्वावर. बाहेर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटांत ते बसायला लागतं. यात साखर फार नसते, चवीला ते पॅनकेकपेक्षा लोणी लावलेल्या मऊ ऑम्लेट-ब्रेडकडे झुकतं. नावातला ‘डच’ हॉलंडचा नाही, ‘डॉइच’चा, म्हणजे जर्मन. मेनूवर ‘जर्मन पॅनकेक’ही असेल तर तो याचाच मोठा भाऊ.

ॲपल पॅनकेक. सफरचंदाच्या फोडी लोण्यात परततात, वर अंड्याचं दाट पीठ, भाजून झालं की दालचिनी-साखरेचं चकचकीत कवच. ताटभर येतं आणि जड असतं. एका माणसाने एक मागवणं ही पैशाची आणि पोटाची नासाडी. चौघांत एक पुरतं.

ऑम्लेट. आपल्या डोक्यात कांदा-मिरचीचं पातळ ऑम्लेट असतं. इथलं ओव्हनमध्ये फुगवतात, उशीएवढं जाड होतं. बऱ्याच शाखांत त्याबरोबर तीन बटरमिल्क पॅनकेक ताटातच येतात, आणि हे कोणी वाचतच नाही! एक ऑम्लेट मागवलं की तिखट-मिठाचं आणि गोड अशी दोघांची सोय एका किमतीत होते.

### तव्यावरचे

बटरमिल्क पॅनकेक. नेहमीचे जाड, मऊ. इथलं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे, जिवाणू सोडून घट्ट केलेलं आंबट दूध. त्याची आंबटाई आणि सोडा एकत्र आले की पीठ फुलतं. चांगले असतात, पण मुख्य पदार्थ म्हणून मागवू नका. ऑम्लेटबरोबर येतातच.

फोर्टी-नाइनर फ्लॅपजॅक. आपल्या लोकांनी हा मागवावा असं मी नेहमी सांगते. ताटाएवढा, पातळ, किंचित चिवट, आणि आंबवलेल्या पिठाचा. विरजण राखावं तसं आंबवण राखून त्यातलं थोडं रोजच्या पिठात घालतात. पहिल्या घासाला आंबोळीची आठवण येते. ज्यांना ‘गोड नको’ असतं त्यांना हा लोणी लावून, सिरपशिवाय द्या.

स्वीडिश. पातळ, घावनाच्या जवळचे, लिंगनबेरी या आंबट लाल फळाबरोबर. करवंदाचा मुरांबा आवडणाऱ्याला नक्की आवडतील.

पोटॅटो पॅनकेक. किसलेल्या बटाट्याचे, कडा कुरकुरीत, सोबत सफरचंदाचा गर किंवा सावर क्रीम. बटाट्याच्या थालीपिठाची अपेक्षा ठेवलीत तर मिरची कमी पडेल. बाकी जमतं.

सिल्व्हर डॉलर. छोटे छोटे, आठ-दहा. लहान मुलांसाठी हेच, कारण हातात धरता येतात.

वॉफल कुठेही मिळतं. सोडा.

तपासा: पीठ खरंच तिथे भिजवतात का? सर्व्हरला विचारायला हरकत नाही. दुसरी खूण अशी: ओव्हनच्या पदार्थाला किती वेळ लागेल असं विचारल्यावर ती ‘वीस-पंचवीस मिनिटं’ म्हणाली तर ठीक. ‘लगेच आणते’ म्हणाली तर तो आधी करून ठेवलेला आहे, मागवू नका.

## टप्पा ४: किती मागवायचं

माणशी एक ताट हा हिशेब इथे चालत नाही. माझं माप असं:

- दोघं: एक डच बेबी, एक ऑम्लेट (पॅनकेकसह). बस.
- चौघं: एक ॲपल पॅनकेक, एक ऑम्लेट, एक फोर्टी-नाइनर किंवा पोटॅटो पॅनकेक. तरी उरतं.
- सहा आणि दोन मुलं: एक ॲपल, एक डच बेबी, दोन ऑम्लेट, मुलांना मिळून एक सिल्व्हर डॉलर.

टेबलावर एक गोड, एक आंबट आणि एक खारट असलं की कोणाच्याच तोंडाला मिठी बसत नाही. सगळंच गोड मागवलं तर अर्ध्यातच सगळे थकतात. आमच्या मंडळातल्या एका गटाने एकदा चार ॲपल पॅनकेक मागवले होते. साडेतीन घरी नेले, आणि पुढचे तीन दिवस सगळ्यांच्या ऑफिसच्या डब्यात दालचिनीचा वास.

सावधान: काही ठिकाणी एक ताट दोघांत वाटलं तर जास्तीचं ताट म्हणून पैसे लावतात. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. वाचून घ्या, मग बिलावर वाद नको. सगळं टेबलाच्या मध्ये ठेवायला सांगितलं तर सहसा प्रश्न येत नाही.

## टप्पा ५: ऑर्डरचा क्रम

१. सर्व्हर पाणी घेऊन पहिल्यांदा येईल, तेव्हाच ओव्हनमधला पदार्थ सांगा. ‘आम्ही अजून बघतोय’ म्हणालात की ती दहा मिनिटं गायब. म्हणा: ‘एक डच बेबी आत्ताच लावा, बाकीचं थोड्या वेळाने सांगतो.’

२. त्याच वेळी कॉफी मागवा. साधी कॉफी बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा फुकट भरतात. संत्र्याचा ताजा रस मात्र सहसा भरत नाहीत आणि ग्लास छोटा असतो. चहा मागितलात तर गरम पाणी आणि पिशवी येते, दूध वेगळं मागावं लागतं. बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

३. दुसऱ्या फेरीत ऑम्लेट. आत काय हवं ते नेमकं सांगा: पालक, मशरूम, चीज, टोमॅटो. हिरवी मिरची हवी तर हालापेन्यो विचारा. ‘स्पायसी’ म्हणालात तर मिरपूड येईल. तिखटासाठी हॉट सॉसची बाटली मागावी, तिचे पैसे पडत नाहीत.

४. शेवटी तव्यावरचं. हवं तर सांगा की ओव्हनचं आल्यावरच हे आणा.

५. वेगळी अंडी मागवलीत तर कशी हवीत हा प्रश्न येणारच. इराण्याकडचं ‘हाफ फ्राय’ इथे कोणाला कळत नाही. ते म्हणजे ‘सनी साइड अप’. उलटवलेलं पण बलक पातळ हवं तर ‘ओव्हर ईझी’, बलक पूर्ण शिजलेला हवा तर ‘ओव्हर हार्ड’. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ‘ओव्हर हार्ड’ नाहीतर ‘स्क्रॅम्बल्ड, वेल डन’ सांगा.

तपासा: सर्व्हरने ऑर्डर परत वाचून दाखवली का? नसेल तर तुम्ही विचारा. ‘नो बेकन’ तिने लिहिलंय की नाही, हे ताट आल्यावर कळून उपयोग नसतो.

## टप्पा ६: नावांचे सापळे

हा टप्पा पाठच करा. इंग्रजी चांगलं असलेली माणसंही इथे फसतात.

चिकन फ्राइड स्टेक यात चिकन नसतं. ते बीफ असतं, चिकनसारखं पिठात घोळून तळलेलं. कॉर्न्ड बीफ हॅश यात मका नाही, ‘कॉर्न्ड’ म्हणजे जाड मिठात मुरवलेलं. कॅनेडियन बेकन हेही डुकराचंच. पिग्स इन अ ब्लँकेट म्हणजे पॅनकेकमध्ये गुंडाळलेले सॉसेज. नाव गमतीचं म्हणून मुलं बोट ठेवतात, तेव्हा लक्ष असू द्या. वेस्टर्न किंवा डेन्व्हर ऑम्लेट यात हॅम, म्हणजे डुकराचं मांस असतं. बिस्किट्स अँड ग्रेव्ही मधलं बिस्किट पार्लेजी नाही, तो मऊ, खारा पाव असतो, आणि पांढऱ्या ग्रेव्हीत बहुधा पोर्क सॉसेजचा चुरा. माझ्या सासूबाईंनी ते ‘हलकं असेल’ म्हणून मागवलं होतं. चूक माझीच, मी मेनू वाचून दाखवत नव्हते, फोनवर होते.

टर्की सॉसेज किंवा चिकन सॉसेज सुरक्षित वाटतं, पण वरचं आवरण कधी कधी पोर्कचं असतं. पाळणाऱ्यांनी विचारावं.

बेकन वॉफल आणि बेकन पॅनकेकमध्ये बेकन पिठातच भाजलेलं असतं. ‘बेकन बाजूला काढा’ ही विनंती तिथे निरर्थक आहे. काही क्रेपच्या (घावनासारख्या पातळ पॅनकेकच्या) सॉसमध्ये लिकर, म्हणजे मद्य असतं. वर्णनात चेरी, संत्रं आणि एखादं परकं नाव एकत्र दिसलं की विचारून घ्या.

## टप्पा ७: ताट आल्यावर

डच बेबी: फोटो काढायचा तर लगेच काढा, ते तुमच्यासाठी थांबत नाही. मग आधी फेटलेलं लोणी पसरवा, ते वितळलं की लिंबू पिळा, आणि शेवटी पिठीसाखर. उलट केलंत, म्हणजे साखर आधी आणि लिंबू नंतर, तर साखर विरघळून चिखल होतो. इथलं पिवळं लिंबू आपल्या लिंबापेक्षा सौम्य असतं, हात आखडू नका, आणखी फोडी मागा. यावर सिरप ओतणं ही सगळ्यात सार्वत्रिक चूक. सगळा कुरकुरीतपणा दोन मिनिटांत जातो.

ॲपल पॅनकेक: वरची साखर ओव्हनमधून येते आणि उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते. पाच मिनिटं हात लावू नका. मुलांपासून लांब ठेवा, ती साखर जिभेला चिकटून भाजते. थोडं निवल्यावर पोळीसारखं तोडू नका, केकसारखं कापा. सिरप नको, व्हिप्ड क्रीमही नको. फार तर कडू कॉफी.

तव्यावरचे: सिरप ताटाच्या कडेला ओता आणि घास बुडवून खा. वरून धार धरली की खालचा पॅनकेक स्पंज होतो. टेबलावरच्या भांड्यातलं सिरप बहुधा मक्याच्या साखरेचं असतं. खरं मेपल सिरप हवं तर ‘प्युअर मेपल’ असं नाव घेऊन मागावं लागतं, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. एक लिटर सिरपला मेपलच्या झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवावा लागतो, त्यामुळे ते फुकट येण्याची अपेक्षा ठेवू नये. फोर्टी-नाइनरवर घेतलंत तर पैसे वसूल. ॲपलवर घेतलंत तर वाया.

सावधान: ओव्हनचं आधी आलं आणि ऑम्लेट मागे राहिलं तर वाट बघू नका. ‘सगळ्यांचं येऊ दे’ ही आपली सवय इथे महाग पडते. डच बेबी आल्या आल्या सगळ्यांनी मध्ये हात घालायचा.

## टप्पा ८: बिल आणि डबा

बिल काही ठिकाणी टेबलावर देतात आणि पैसे दाराजवळच्या काउंटरवर घेतात. टीप टेबलावर ठेवायची असेल तर थोडी रोख जवळ हवी. टीप अठरा ते वीस टक्के, कर धरण्याआधीच्या रकमेवर: साठ डॉलरचं बिल असेल तर अकरा-बारा डॉलर. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टीप आधीच लावलेली असू शकते. बिलावर ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द शोधा, नाहीतर दोनदा जाते. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे पोर्टलंडला मेनूवरची किंमत तीच बिलावर येते. शिकागो किंवा न्यू जर्सीहून आलेल्या पाहुण्याला ही गोष्ट दरवेळी चूक वाटते, आणि तो बिल परत तपासतो.

उरलेल्यातलं काय बांधून न्यायचं? डच बेबी नाही, घरी पोचेपर्यंत त्याचं कातडं होतं. क्रीम घातलेले क्रेप नाहीत. ऑम्लेट चालतं, पण त्याच दिवशी. ॲपल पॅनकेक मात्र जरूर न्या. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नको, झाकण न ठेवता ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवरच्या तव्यात दहा मिनिटं गरम करा. साखरेचं कवच परत चकाकायला लागलं की उतरवा.